वैशाखातील चहा

दुकानी गिऱ्हाईक आले की प्रथम ‘बसा’ आणि मागोमाग ‘चहा सांगतो’, हा आपल्या व्यापारी समाजाचा शिरस्ता आहे. डिचोलीची पेठ असो वा पेडण्याची, चहावाचून सौदा पुरा होत नाही. धान्याचा नमुना तळहातावर घेऊन, दाणा दाताखाली फोडून पाहणारे आम्ही. परंतु कपात काय येते याची पारख आम्ही आयुष्याची पुष्कळ वर्षे केली नाही.

ती करावयास लावले एका प्रसंगाने. काही वर्षांपूर्वी, वैशाखातल्या भर दुपारी, आमच्या वखारीत तांदळाची पोती उतरत होती. एका हमालास भोवळ आली. उष्णास उष्ण हाच उतारा, असे आमचे वडील म्हणत. तेव्हा आम्ही भल्या बुद्धीने त्यास उकळता, दाट दुधाचा, चांगली साखर घातलेला चहा पाजला. त्यास वांती झाली व अंग अधिकच तापले. डॉक्टर आले. त्यांनी त्यास पंख्याखाली निजविले, ओल्या फडक्याने अंग पुसावयास लावले आणि शुद्ध नीट आल्यावर मीठ-साखरेचे पाणी घोटघोट दिले. संध्याकाळपर्यंत तो उठून बसला. आम्हांस मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

वडिलांचे म्हणणे खोटे होते काय? नव्हते. कॅनडातील ओटावा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे दिसले की, गरम पेय घेतले असता घाम अधिक सुटतो, आणि तो सगळा वाळला तर शरीरात उष्णता उलट कमी साठते. सारी मेख ‘वाळला तर’ या दोन शब्दांत आहे. आमचे पूर्वज मारवाडचे. तेथील हवा कोरडी. घाम आला न आला तोच वाळतो. येथे सदरा पाठीस चिकटून बसतो, घाम नुसता ओघळतो, आणि पेयाची ऊब अंगातच राहते. मारवाडचे शहाणपण गोव्यात जसेच्या तसे चालविणे म्हणजे तेथील बाजरी येथील खाजणात पेरण्यासारखे होय.

मग चहा सोडावा काय? आमच्याने तरी ते होणार नाही. सकाळी नवकारसी झाल्यावर, हवेत थोडा गारवा असतो तोवर, नेहमीचा दुधाचा चहा खुशाल घ्यावा. आसामचा दाणेदार चहा त्यासाठीच आहे. तो कडक उतरतो, दूध-साखर मागतो, आणि पावसाळ्यात त्याला तोड नाही. दुपारसाठी मात्र निलगिरीचा पानाचा चहा घ्यावा. तो हलका व सुवासिक असून निवल्यावर सहसा गढूळ होत नाही. दार्जिलिंगची मार्च-एप्रिलमधील पहिली खुडणी याहून नाजूक खरी. पण तिचा दर पाहता ती सौद्याच्या चहास परवडणारी नव्हे!

पाणी उकळून खाली उतरवावे, मग पाने घालून झाकण ठेवावे आणि तीन मिनिटांत गाळून घ्यावे. पाने पाण्याबरोबर रटरट उकळली की चहा कडवट होतो. आपल्या दुकानांतून नेमके हेच होते. परसातील गवती चहाची दोन पाती किंवा पुदिना घालावा, निवल्यावर लिंबू पिळावे, साखर बेताची.

अमेरिकेत १९०४ साली सेंट लुइसच्या प्रदर्शनात हिंदी चहाचा प्रचार करणारे रिचर्ड ब्लेचिंडेन यांनी, उकाड्यात गरम चहास कोणी विचारीना म्हणून, तो बर्फाने गार करून पाजला, अशी हकीकत सांगतात. थंड चहा तेथे त्याआधीही होता. लोकप्रिय तो त्यानंतर अधिक झाला. आपल्यात बर्फ अभक्ष्यांत गणला आहे, मधही तसाच, आणि ओले आले अनंतकाय. तेव्हा नेम पाळणाऱ्यांनी त्या वाटेस जाऊ नये. सुंठ चालते, पण वैशाखात ती हवी कशाला? ज्यांच्या घरी उकाळलेल्या पाण्याचा नेम आहे, त्यांचे अर्धे काम आधीच झालेले असते. चहा मातीच्या मडक्यात निवत ठेवावा आणि सूर्यास्तापूर्वी संपवावा. रात्रीवर ठेवू नये.

घरातील भगिनींसाठी एक गोष्ट. जेवणाबरोबर किंवा जेवणावर लगेच चहा घेतल्यास अन्नातील लोह अंगी कमी लागते. तासभर थांबावे.

आमच्या वखारीच्या दाराशी आता उन्हाळ्यात दोन मडकी असतात. एकात गवती चहा घातलेला निलगिरी, दुसऱ्यात चिमूटभर मीठ घातलेले कोकमाचे पाणी. प्रारंभी गिऱ्हाइके हसली. ‘शेठ दूध वाचवू लागले’, असे एका दलालाने तोंडावर बोलून दाखविले. आता तेच गृहस्थ बाराच्या उन्हात आले म्हणजे खुर्चीवर बसण्याआधी मडक्याकडे वळतात. तो हमाल अद्याप आमच्याकडे आहे. मडके रिकामे झाले की पहिली हाक त्याचीच असते.