पाय मोडणारी कळच मोडली तर

‘सोलापूर’ नीट उमटतं. ‘सिद्धेश्वर’ लिहायला घेतलं, की पडद्यावर येतं ‘सिदधेशवर’. इन्स्क्रिप्ट पद्धतीने टंकताना सोलापूरच्या या ग्रामदैवताच्या नावाला शिफ्ट सोडून दहा कळा लागतात. त्यांतले दोन दाब पडतात इंग्रजी डीच्या कळीवर, म्हणजे अक्षराचा पाय मोडणाऱ्या कळीवर. ती बंद पडली की मराठीतली बहुतेक जोडाक्षरं सुटी होतात. इंग्रजीत एक अक्षर जातं. आपल्याकडे अख्खं व्याकरण लंगडतं.

दुरुस्तीला न्यावं, तर बऱ्याच लॅपटॉपमध्ये कीबोर्ड वरच्या पत्र्याला रिव्हेटने ठोकलेला असतो. एका कळीपायी सगळा पट्टा बदलायचा, आणि तोही महागात. त्याआधी एक फुकटचा उपाय आहे. त्या कळीचं काम दुसरीकडे सोपवायचं.

हे जमतं, कारण कळीला आपलं अक्षर ठाऊकच नसतं. टाइपरायटरचं तसं नव्हतं. तिथे कळ आणि खिळा लोखंडी दांड्याने बांधलेले, दांडा तुटला की अक्षर गेलं. लॅपटॉपच्या कळांखाली प्लास्टिकच्या पातळ थरांवर वीजवाहक शाईच्या उभ्या-आडव्या रेषा असतात, सगळ्या मिळून साधारण दोन डझन. कळ दाबली की एक उभी आणि एक आडवी रेषा टेकतात. सेकंदाला शेकडो वेळा या जाळ्यावर नजर फिरवणारी चिप ते हेरते आणि पुढे फक्त एक क्रमांक धाडते. डीच्या जागेचा क्रमांक ३२, कॅप्स लॉकचा ५८. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून चालत आलेले हे आकडे. त्या ३२ चं काय करायचं, हे संगणकातला तक्ता ठरवतो. इंग्रजीचा तक्ता डी देतो, हिंदी रेमिंग्टनचा ‘क’ आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ठरलेला इन्स्क्रिप्टचा तक्ता पाय मोडतो.

सोलापूरकरांना हे नवं वाटू नये. चादरीवरचा मोर जॅकार्डच्या हुकांना कुठे माहीत असतो? तो भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांत असतो. पुठ्ठे बदला, त्याच मागावर, त्याच हुकांनी दुसरी नक्षी उतरते.

मग पाय मोडायचं काम कुणाला द्यावं? माझं मत कॅप्स लॉकला. देवनागरीत लहान-मोठी लिपी नाही, त्यामुळे मराठी लिहिणाऱ्याच्या कीबोर्डवर डाव्या करंगळीशेजारची ही मोक्याची जागा अडवून ती कळ नुसती बसलेली असते. विंडोजमध्ये पॉवरटॉइज हे मायक्रोसॉफ्टचंच मोफत साधन वापरून ५८ ऐवजी ३२ समजावं, असं सांगता येतं. पण ते सुरू असेल तेवढाच वेळ हा बदल चालतो, आणि लॉग-इनच्या पडद्यावर ते अजून जागं झालेलं नसतं. पासवर्डात डी असेल तर दारातच अडकाल. ‘स्कॅनकोड मॅप’ नावाची नोंद थेट विंडोजच्या रजिस्ट्रीत करणारं शार्पकीज वापरलं, की संगणक पुन्हा सुरू केल्यावर बदल तिथेही लागू होतो. रजिस्ट्रीची प्रत मात्र आधी काढून ठेवा.

कळ मेली नसून दबून राहिली असेल, पडद्यावर डीची रांग लागली असेल, तर आधी तिचाच क्रमांक शून्यावर न्यायचा. म्हणजे तिचं ओरडणं कुणी ऐकत नाही.

चहा सांडून एखादी रेषाच तुटली, तर मात्र तिच्यावरच्या चार-सहा कळा एकदम जातात. एकमेकींपासून लांबच्या कळा एकाच दिवशी गेल्या, तर संशय रेषेवर घ्यावा. अशा वेळी उसन्या कळा पुरत नाहीत. यूएसबी कीबोर्ड जोडावा हे बरं. मात्र रजिस्ट्रीतला बदल जोडलेल्या प्रत्येक कीबोर्डला लागतो, त्यामुळे बाहेरच्या कीबोर्डवर डी दोन ठिकाणी मिळेल आणि कॅप्स लॉक कुठेच नाही.

पुढेमागे पट्टा बदललात, तर ही नोंद आठवणीने पुसा. नाहीतर नव्याकोऱ्या कीबोर्डवर कॅप्स लॉक दाबल्यावर पाय मोडेल आणि बोलणी खाईल तो दुरुस्तीवाला.