उपकरण-नामपद्धती, संगणक जालातील

एखाद्या संस्थेच्या संगणक जालातील, एका केंद्रातून देखरेख होणाऱ्या उपकरणांना नावे देण्याची ठरीव रीत. संगणक, सर्व्हर, स्विच, राउटर, प्रिंटर, कॅमेरे इ. उपकरणांचा अशा जालात समावेश होतो. उपकरणे दहा-वीस असतात तोवर नावाचा प्रश्न सहसा उद्‌भवत नाही. त्यांची संख्या शेकड्यांत गेली व ती निरनिराळ्या गावी विखुरली, म्हणजे देखरेख करणाऱ्याला उपकरण प्रत्यक्ष दिसत नाही. त्याच्यापुढे केवळ नाव असते. त्या नावावर विसंबून तो उपकरण बंद करतो, त्याच्या मांडणीत बदल करतो किंवा दुरुस्तीस माणूस पाठवितो. नाव संदिग्ध असेल, तर भलतेच उपकरण बंद पडून चालू काम खोळंबते. वेस्टर्न कोलफील्ड्स लि. (स्थापना १९७५) आणि मॉइल या खाण-कंपन्यांची मुख्यालये नागपूर येथे असून त्यांच्या खाणी विदर्भात व मध्य प्रदेशात पसरलेल्या आहेत. अशा विस्ताराच्या संस्थेत नामपद्धतीची गरज सहज लक्षात येते.

जालातील उपकरणाची ओळख तीन प्रकारांनी पटते. पहिली खूण कारखान्यात दिला जाणारा ४८ बिटांचा यंत्रपत्ता ही होय. त्याचे पहिले २४ बिट सामान्यतः निर्मात्याचे निदर्शक असतात. दुसरी खूण जालपत्ता. तो ३२ बिटांचा व नव्या पद्धतीत १२८ बिटांचा असून उपकरण जालाच्या ज्या भागास जोडलेले असेल त्यानुसार बदलतो. तिसरी खूण म्हणजे नाव. पहिल्या दोन खुणा यंत्रांच्या सोयीच्या आहेत, नाव हे माणसाच्या सोयीचे आहे. ते कसे असावे हे सर्वस्वी संस्थेच्या इच्छेवर अवलंबून असल्याने त्याला नियम घालून द्यावे लागतात.

इतिहास : १९६९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या आर्पानेट या जालात सर्व संगणकांची नावे व पत्ते एकाच यादीत असत. ही यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवली जाई व इतर केंद्रे ती उतरवून घेत. संगणक वाढले तशी ही व्यवस्था अपुरी पडू लागली. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी वृक्षासारखी शाखा-उपशाखांची नामव्यवस्था मांडली. तीमुळे तेच नाव दोन वेगळ्या शाखांत असू शकते आणि प्रत्येक शाखेची जबाबदारी त्या त्या संस्थेकडे राहते. १९८७ च्या प्रमाण नियमांनुसार नावाच्या प्रत्येक घटकात जास्तीत जास्त ६३ व पूर्ण नावात २५५ वर्ण बसतात. उपकरणाच्या नावात रोमन अक्षरे, अंक व जोडरेघ एवढीच चिन्हे वापरण्याची प्रथा आहे. लहान व मोठ्या अक्षरांत भेद मानला जात नाही. कार्यालयांत प्रचलित असलेल्या विंडोज प्रणालीच्या जुन्या नामव्यवस्थेत १५ च वर्ण मावतात. म्हणून पुष्कळ संस्था नाव त्या मर्यादेत बसवितात. २०१४ पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ ही शाखा उपलब्ध झाली. तथापि अशी नावेही व्यवस्थेच्या आत रोमन वर्णांत रूपांतरित करूनच साठविली जातात.

नावांचे प्रकार : स्थूलमानाने तीन प्रकार आढळतात. (१) विषयनिष्ठ नावे : ग्रह, नद्या, फुले अशा एखाद्या समूहातून ती घेतली जातात. नागपुरातील एखाद्या लहान कार्यालयाने आपल्या सर्व्हरांना अंबाझरी, फुटाळा व गोरेवाडा ही तलावांची नावे दिली, तर ती सहज लक्षात राहतील. मात्र सर्व्हर वाढताच तलाव संपतील आणि नावावरून उपकरणाचे कार्यही कळणार नाही. (२) वर्णनात्मक नावे : गाव, इमारत, मजला, उपकरणाचा प्रकार व क्रमांक यांची संकेताक्षरे जोडून ती बनवितात. उदा., ‘एनएजी–बी२–एसडब्ल्यू–०४’ म्हणजे नागपूर, इमारत दोन, स्विच चौथा. (३) अर्थहीन क्रमांक : उपकरणाच्या मालमत्ता-नोंदीचा अनुक्रमांकच नाव म्हणून वापरतात. तो कधीही बदलावा लागत नाही. परंतु नोंदवही हाताशी नसेल, तर त्यावरून काहीच बोध होत नाही.

डॉन लिबेस यांनी १९९० मध्ये संगणकाच्या नावाची निवड या विषयावर एक टिपण प्रसिद्ध केले. संगणकाला स्वतःचे किंवा चालू प्रकल्पाचे नाव देऊ नये, असा सल्ला त्यांनी त्यात दिला. माणूस व प्रकल्प बदलतात, यंत्र मात्र मागे राहते. पुढील सर्व चर्चेचे बीज या विचारात आहे.

स्थलसंकेतांचा प्रश्न : वर्णनात्मक नावातील पहिला घटक बहुधा गावाचा असतो व तेथेच पहिली अडचण येते. नागपूरच्या विमानतळाची संकेताक्षरे ‘एनएजी’ आहेत, तर रेल्वे स्थानकाची ‘एनजीपी’. वाहन-नोंदणीत नागपूर शहरासाठी ‘एमएच ३१’, पूर्व नागपूरसाठी ‘एमएच ४९’ व ग्रामीण भागासाठी ‘एमएच ४०’ हे संकेत आहेत. टपालाचे निर्देशांक ४४० ने सुरू होतात. एकाच संस्थेत एका अभियंत्याने ‘एनएजी’ व दुसऱ्याने ‘एनजीपी’ वापरल्यास शोध घेताना निम्मी उपकरणे नजरेआड राहतात. याच्या उलट अडचणही संभवते. मध्य रेल्वे व दक्षिण पूर्व मध्य रेल्वे या दोहोंचाही ‘नागपूर विभाग’ आहे. रेल्वेचे नाव जोडल्यावाचून तो कोणता हे कळत नाही. तेव्हा संकेत कोणता निवडला यापेक्षा तो सर्वांनी एकच वापरणे व त्याची यादी लेखी असणे अधिक महत्त्वाचे ठरते.

गावाचे वा संस्थेचे नाव कालांतराने बदलते, ही दुसरी अडचण होय. बॉम्बेचे मुंबई असे अधिकृत नामांतर १९९५ मध्ये झाले. विमानतळाची संकेताक्षरे मात्र ‘बीओएम’ हीच राहिली. उलट मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनस स्थानकाचे नाव १९९६ मध्ये व पुन्हा २०१७ मध्ये बदलले, तेव्हा त्याची संकेताक्षरेही बदलली. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली पिन संकेत-पद्धती या बाबतीत उद्‌बोधक आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेल्या या पद्धतीत पहिला अंक टपाल-क्षेत्राचा, दुसरा उपक्षेत्राचा, तिसरा वर्गीकरण-जिल्ह्याचा व शेवटचे तीन अंक टपाल कार्यालयाचे असतात. ही रचना टपालाच्या वाहतुकीवर बेतलेली असल्याने २००० मध्ये छत्तीसगढ राज्य वेगळे झाले, तरी रायपूरचे निर्देशांक ४९२ नेच सुरू होत राहिले.

रेल्वेने एंजिनांच्या बाबतीत ओळख व ठिकाण यांची फारकत केली आहे. ‘डब्ल्यूएजी–९’ या वर्गनामात ‘डब्ल्यू’ हे रुंद मार्गाचे, ‘ए’ हे प्रत्यावर्ती विद्युत्‌ प्रवाहाचे व ‘जी’ हे मालवाहतुकीचे निदर्शक असून ९ हा प्रतिकृतीचा अंक आहे. हे गुण सहसा बदलत नाहीत. शिवाय प्रत्येक एंजिनाला स्वतंत्र क्रमांक असतो. ते ज्या शेडचे असेल त्या शेडचे नाव, उदा., नागपुरातील अजनी, एंजिनावर वेगळे रंगवितात. एंजिन दुसऱ्या शेडकडे गेल्यास तेवढे नाव पुसून नवे लिहितात. क्रमांक तोच राहतो आणि जुन्या दुरुस्तीच्या नोंदी त्याच्याबरोबर जातात.

तत्त्वे : संगणक जालातही हेच तत्त्व लागू पडते. उपकरणाच्या आयुष्यात बदलणार नाही तेवढेच नावात घालावे. बदलणारी माहिती नोंदवहीत ठेवावी. जाल-व्यवस्थापनासाठी १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रमाणात उपकरणाचे नाव, त्याचे ठिकाण व जबाबदार व्यक्ती यांकरिता तीन स्वतंत्र रकाने आहेत, ते याच हेतूने उपयोगी पडतात. भिंतीत पक्का बसविलेला स्विच क्वचितच हलतो. म्हणून त्याच्या नावात इमारतीचा संकेत चालतो. एका कर्मचाऱ्याकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या संगणकाला मात्र मालमत्ता-क्रमांकच योग्य ठरतो.

याखेरीज काही व्यावहारिक नियम पाळले जातात. अनुक्रमांकाच्या अंकांची संख्या ठरीव ठेवतात व आधी शून्य लिहितात, म्हणजे यादीत २ हा १० च्या आधी येतो. दूरध्वनीवरून उच्चारताना घोटाळा होईल अशी अक्षरे टाळतात. ‘वेतन’ किंवा ‘कोषागार’ असा अर्थ उघड करणारी नावे देत नाहीत, कारण जालात शिरलेल्या अनधिकृत व्यक्तीला त्यांवरून महत्त्वाचे यंत्र चटकन सापडते. मात्र नाव गूढ ठेवल्याने सुरक्षिततेच्या इतर उपायांची जागा भरून निघत नाही. बाद झालेल्या उपकरणाचे नाव नव्या उपकरणास शक्यतो देत नाहीत. तसे केल्यास जुन्या यंत्राच्या बिघाडांच्या नोंदी नव्याच्या नावे वाचल्या जातात आणि बिघाडाचे खरे कारण शोधणे दुरापास्त होते.