लिथियमची बॅटरी : भरावी कशी, ठेवावी कशी?

भरलेले घर ही आपल्याकडे सुबत्तेची खूण मानतात. कणगी भरलेली असावी, रांजण भरलेला असावा, म्हणजे अवेळी पाहुणा आला तरी धावपळ नको. ही वृत्ती आमच्याही अंगात इतकी मुरलेली की, काही वर्षांपूर्वी आमच्या भाच्याच्या विमानाची बॅटरीसुद्धा आम्ही तशीच भरून ठेवली. रेडिओलहरींच्या इशाऱ्यावर उडणारे ते हौशी विमान. पावसाळा लागला, मैदानात चिखल झाला, आणि उघाड पडताच उडवता यावे या हिशेबाने काठोकाठ भरलेली बॅटरी कपाटात रद्दीच्या गठ्ठ्यावर पडून राहिली. दिवाळीच्या साफसफाईत ती हाती आली तेव्हा पुरीसारखी टम्म फुगली होती. "मामा, एकदा चार्जिंगला लावून तर पाहू," भाचा म्हणाला. नवी बॅटरी घ्यायची म्हणजे पुन्हा पैसे. तेव्हा आम्हीही वायर हाती घेतली. नेमके त्याच वेळी विजेच्या कामातले एक जाणते शेजारी आले आणि त्यांनी आमचा हात धरला. ही बॅटरी भरून ठेवायची वस्तूच नव्हे, वापरायच्या दिवशी ती भरावी आणि एरवी अर्धीच ठेवावी, हा धडा आम्ही त्या दिवशी शिकलो. तोच येथे सकारण मांडावयाचा आहे.

लिथियम-आयन बॅटरी प्रथम बाजारात आणली ती १९९१ साली जपानच्या सोनी कंपनीने. तिचा पाया घालणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हौशी विमानांत वापरतात ती याच कुळातली 'लिपो' बॅटरी. तिला लोखंडी कवच नसते. चकचकीत पातळ पाकिटात सारा संसार असतो. आत तांब्याच्या पत्र्यावर ग्राफाइटचा लेप, ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर धातूच्या ऑक्साइडचा लेप, आणि दोहोंच्या मध्ये केसाहूनही पातळ असा प्लास्टिकचा सच्छिद्र पडदा. हे सर्व ज्या द्रवात भिजलेले असते तो पेट घेणारा आहे. त्या पडद्याला भोक पडले की धन आणि ऋण बाजू एकमेकींना भिडतात, उष्णता वाढते, उष्णतेने आतली रसायने विघटित होऊन आणखी उष्णता निघते, आणि हे चक्र मग आपले आपण थांबत नाही.

खेळण्याची बॅटरी ती केवढीशी, असे कोणी म्हणेल. तिघांची जोडणी असलेली २२०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी घ्या. तिच्यात सुमारे २४ वॅट-तास ऊर्जा असते. म्हणजे पाव लिटर पाण्याला आधण यावे एवढी. हीच ऊर्जा क्षणार्धात, रद्दीच्या गठ्ठ्यावर, बंद कपाटात मोकळी झाली तर काय होईल, याची कल्पना ज्याची त्याने करावी.

आता भरण्याविषयी. या बॅटरीतील एकेका सेलचा सरासरी दाब ३.७ व्होल्ट, आणि पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट. याच्या पलीकडे रेटले तर ग्राफाइटमध्ये लिथियमला जागा उरत नाही. ते पृष्ठभागावर धातूच्या रूपाने साचते आणि त्याचे काटे पडद्याकडे वाढू लागतात. गोठणबिंदूखालच्या थंडीत चार्ज केले तरी हेच घडते. म्हणून या जातीसाठी केलेलाच चार्जर वापरावा, आणि त्यावर बॅटरीची जात व सेलची संख्या बरोबर निवडली आहे ना, हे दर वेळी पाहावे.

दुसरी गोष्ट बारीक वायरींच्या छोट्या प्लगची. घाईच्या माणसाला तो निरुपयोगी वाटतो. पण तीन सेलची बेरीज १२.६ व्होल्ट झाली म्हणजे सर्व ठीक असे नव्हे. दोन सेल ४.१ वर आणि तिसरा ४.४ वर असला तरी बेरीज तीच येते! हा प्लग लावून 'बॅलन्स' पद्धतीने चार्ज केले, तरच चार्जर प्रत्येक सेलकडे वेगळे लक्ष देतो.

प्रवाह क्षमतेइतकाच ठेवावा : २२०० मिलिअँपिअर-तासांना २.२ अँपिअर. तासाभराहून थोडा अधिक वेळ लागेल, तो लागू द्यावा. उडवून आणलेली गरम बॅटरी आधी निवू द्यावी. चार्जिंग शहाबादी फरशीवर करावे; गादी, पडदे आणि बाहेर पडण्याची वाट यांच्यापासून दूर. आणि मुख्य म्हणजे जवळ जागे माणूस असावे. रात्री लावून निजणे हा शुद्ध अविचार होय.

आता ठेवण्याविषयी. काठोकाठ भरलेल्या सेलमध्ये आतला द्रव हळूहळू विघटित होऊन वायू सुटतो. उष्णतेने ही क्रिया वेगावते. आमची बॅटरी फुगली ती यामुळेच. उलट अगदी रिकामी ठेवली तर तांबे द्रवात विरघळते आणि पुढल्या चार्जिंगच्या वेळी नको तेथे जाऊन बसते. 'पूर्ण संपवा, मग पूर्ण भरा' हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा. तो येथे लावू नये. पाचवा हिस्सा शिल्लक असतानाच विमान खाली उतरवावे. दोन-चार दिवसांत उडवायचे नसेल तर चार्जरच्या 'स्टोअरेज' सोयीने प्रत्येक सेल ३.८ ते ३.८५ व्होल्टवर आणून ठेवावा. मग ती बॅटरी थंड, कोरड्या जागी, धातूच्या डब्यात ठेवावी. डब्याचे झाकण मात्र हवाबंद नको, वायूला वाट हवी. टोके उघडी राहून डब्याला टेकणार नाहीत, याची काळजी घ्यावी. वैशाखात उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत तर ती कधीच विसरू नये.

फुगलेली बॅटरी टोचू नये, दाबू नये, पुन्हा चार्ज करू नये. ती घंटागाडीच्या कचऱ्यातही टाकू नये. गाडीत चेपली गेली तर तेथेच पेटेल. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तेव्हा ती ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी. आग लागलीच तर आधी माणसे बाहेर काढावीत. तो धूर विषारी असतो. जाताना दार लोटून घ्यावे, शक्य तर मेन स्विच बंद करावा आणि १०१ वर अग्निशमन दलाला कळवावे. वाळूने ज्वाळा आवरतात, पण आतल्या ऑक्साइडमधूनच प्राणवायू सुटत असल्याने ती क्रिया गुदमरून थांबत नाही. तिला थंड करावे लागते, आणि ते काम भरपूर पाण्याचे.

हे ऐकून मुलांच्या हातून विमान काढून घ्यावे, असे मात्र कोणी समजू नये. आमचा भाचा अजूनही विमान उडवतो. फरक इतकाच की, आता प्रत्येक बॅटरीवर त्याने चिकटपट्टी लावून तारीख आणि व्होल्ट लिहिलेले असतात, आणि रविवारी मैदानावर जायचे असेल तर तो शनिवारी रात्री बॅटरी लावून निजत नाही. रविवारी पहाटे उठतो. चार्जरशेजारी पुस्तक घेऊन तो तासभर बसतो. त्याची आई म्हणते, परीक्षेच्या वेळीदेखील तो इतक्या लवकर कधी उठला नव्हता.