हायडॅटिड पुटीचा विकास : प्रयोगशालेय संवर्धनाचे निष्कर्ष
एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस या पट्टकृमीच्या डिंभावस्थेत मेंढी, गाय किंवा मानव यांच्या यकृतात वा फुप्फुसात द्रवाने भरलेली हायडॅटिड पुटी तयार होते. पुटीतील प्रोटोस्कोलेक्स नावाच्या सूक्ष्म शीर्षांना विकासाचे दोन मार्ग उपलब्ध असतात : कुत्र्याच्या आतड्यात त्यांपासून प्रौढ कृमी बनतात, तर अन्य ऊतींत नव्या पुटी. जे. डी. स्माइथ यांच्या १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या संवर्धन-प्रयोगांनी या भेदावर प्रकाश टाकला. केवळ द्रव माध्यमात शीर्षे फुगून पुटीरूप होतात. तळाशी साकळलेल्या सीरमचा घन थर दिल्यास उलगडलेली शीर्षे त्यास चिकटून खंडयुक्त कृमी होऊ लागतात. विकासाची दिशा अशा प्रकारे पृष्ठभागाच्या स्पर्शाशी निगडित आहे. उदरपोकळीत सांडलेली शीर्षे पुटीचाच मार्ग धरतात. त्यामुळे शस्त्रक्रियेत पुटी फुटू न देणे अत्यावश्यक ठरते.