वाय-फाय एक्स्टेंडर घेण्याआधी घराची पाहणी आवश्यक

दिवाणखान्यात चित्रपट विनाअडथळा दिसतो. आतल्या खोलीत मात्र व्हिडिओ कॉल वारंवार तुटतो. हा अनुभव महानगरांतील सदनिकांपासून गावांतील दुमजली घरांपर्यंत सर्वत्र येतो. २०२० च्या टाळेबंदीनंतर अनेकांचे घर हेच कार्यालय आणि वर्ग झाले. त्यामुळे एखाद्या खोलीत रेंज न मिळणे ही आता किरकोळ गैरसोय राहिलेली नाही. ऑनलाइन परीक्षा, नोकरीची मुलाखत किंवा डॉक्टरांचा दूरस्थ सल्ला मध्येच खंडित झाला, तर होणारे नुकसान भरून निघतेच असे नाही.

यावर सोपा उपाय म्हणून वाय-फाय रेंज एक्स्टेंडरकडे पाहिले जाते. साधारण हजार ते तीन हजार रुपयांत मिळणारे आणि थेट भिंतीवरील सॉकेटमध्ये बसणारे हे उपकरण योग्य ठिकाणी लावल्यास उपयुक्त ठरते. मात्र ते इंटरनेट निर्माण करत नाही. त्याच्यापर्यंत जेवढे पोहोचते, तेवढेच ते पुढे पाठवते. त्यामुळे कोणता एक्स्टेंडर घ्यावा, यापेक्षा तो कोठे लावावा, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

लहरी कोठे अडतात?

घरगुती वाय-फाय प्रामुख्याने २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांतील रेडिओ लहरींवर चालते. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंती ओलांडून तुलनेने दूर जातात. पण त्यांचा वेग कमी असतो आणि शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ उपकरणे तसेच मायक्रोवेव्ह ओव्हन यांच्यामुळे या पट्ट्यात गर्दी होते. ५ गिगाहर्ट्झवर वेग अधिक मिळतो, मात्र त्या लहरी भिंतींमध्ये लवकर क्षीण होतात.

आपल्याकडील घरांची बांधणी या लहरींना अनुकूल नाही. विटांच्या जाड भिंती, सळया घातलेले काँक्रीटचे स्लॅब, जुन्या वाड्यांतील दगडी भिंती, कोकण आणि गोव्यातील जांभ्या दगडाची घरे, या सर्वांत लहरींची शक्ती घटते. लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा आणि पाण्याची टाकी हेही मोठे अडथळे आहेत. त्यातच फायबरची तार जेथून घरात येते, तेथेच, म्हणजे बहुधा मुख्य दाराजवळ किंवा टीव्हीच्या कपाटात, राउटर बसवला जातो. परिणामी, निम्म्या लहरी जिन्यात किंवा रस्त्यावर जातात आणि आतल्या खोल्या कोरड्या राहतात.

खरेदीपूर्वी तीन चाचण्या

पहिली चाचणी राउटरजवळच करावी. दोन-तीन मीटर अंतरावर उभे राहून मोबाइलवर इंटरनेटचा वेग तपासावा. शक्य असल्यास लॅपटॉप केबलने राउटरला जोडून तोच आकडा पुन्हा पाहावा. केबल जोडूनही योजनेत नमूद केलेल्या वेगाच्या जवळपास वेग मिळत नसेल, तर अडचण बहुधा सेवापुरवठादाराकडून येणाऱ्या जोडणीत असते. ती एक्स्टेंडरने सुटणार नाही. त्यासाठी कंपनीकडे तक्रार नोंदवणे हाच मार्ग आहे.

दुसरी चाचणी राउटरच्या जागेची. तो कपाटातून बाहेर काढून घराच्या मध्यभागाकडे, जमिनीपासून चार-पाच फूट उंचीवर मोकळ्या जागी ठेवून पाहावा. फायबरची तार अपुरी पडत असेल, तर ती वाढवून देण्याविषयी पुरवठादाराला विचारता येते. एवढ्याने प्रश्न सुटल्यास नवे उपकरण घेण्याची गरज उरत नाही.

तिसरी चाचणी लहरींच्या तीव्रतेची. ही तीव्रता दाखवणारी मोफत अ‍ॅप अँड्रॉइड फोनवर उपलब्ध आहेत. हा आकडा ऋण असतो आणि तो शून्याच्या जितका जवळ, तितकी रेंज चांगली. उणे ५० च्या आसपासची रेंज उत्तम मानली जाते, व्हिडिओ कॉलसाठी साधारण उणे ६७ पर्यंतची पुरेशी ठरते, तर उणे ८० च्या पलीकडे जोडणी टिकणे कठीण होते. प्रत्येक खोलीतील आकडा कागदावर लिहिला की घराचा नकाशाच समोर येतो.

वेग का घटतो?

एक्स्टेंडरचे काम निरोप्यासारखे असते. राउटरकडून आलेली माहिती तो ऐकतो आणि तीच पुढे मोबाइलला सांगतो. एकाच पट्ट्यावर चालणाऱ्या स्वस्त एक्स्टेंडरला ऐकणे आणि सांगणे एकाच वेळी जमत नाही. प्रत्येक माहिती हवेतून दोनदा जात असल्याने त्याच्यापलीकडे मिळणारा वेग सुमारे निम्मा होतो. समजा, एक्स्टेंडरच्या जागी ६० मेगाबिट प्रतिसेकंद वेग मिळत आहे, तर पुढच्या खोलीत तो ३० च्या आसपास किंवा त्याहून कमी राहील. व्हिडिओ कॉलसाठी हा वेगही पुरेसा असतो. मात्र मोठ्या फायली पाठवताना फरक जाणवेल.

दोन पट्ट्यांवर चालणारा एक्स्टेंडर राउटरशी एका पट्ट्यावर आणि मोबाइलशी दुसऱ्या पट्ट्यावर बोलू शकतो. त्यामुळे वेगातील घट कमी होते. थोडे अधिक पैसे मोजून असाच एक्स्टेंडर घेणे हिताचे ठरते.

लावण्याची योग्य जागा

रेंज नसलेल्या खोलीतच एक्स्टेंडर लावणे, ही सर्वाधिक आढळणारी चूक आहे. तेथे त्याला स्वतःलाच क्षीण लहरी मिळतात आणि तो त्याच पुढे पाठवतो. मोबाइलवर रेंजच्या सर्व रेषा दिसतात, पण पान उघडत नाही, याचे हे प्रमुख कारण आहे. त्या रेषा मोबाइल आणि एक्स्टेंडर यांच्यातील जोडणीच्या असतात. राउटरपर्यंतच्या वाटेविषयी त्या काहीच सांगत नाहीत.

राउटर आणि ती खोली यांच्या साधारण मध्यावर, किंबहुना राउटरच्या बाजूला किंचित झुकलेली जागा निवडावी. तेथील रेंज उणे ६५ पेक्षा फार खाली नसावी. दुमजली घरात जिन्याजवळची जागा बहुधा सोयीची ठरते, कारण तेथे स्लॅबचा अडथळा कमी असतो. प्राथमिक जोडणी राउटरजवळ करून घ्यावी. त्यासाठी बहुतेक उपकरणांवर डब्ल्यूपीएस नावाचे बटण असते. नसल्यास कंपनीचे अ‍ॅप वापरता येते. त्यानंतर उपकरण निवडलेल्या जागी हलवून वेग पुन्हा तपासावा. दोन-तीन सॉकेटमध्ये लावून पाहिल्याशिवाय जागा निश्चित करू नये. एका एक्स्टेंडरला दुसरा एक्स्टेंडर जोडणे टाळावे, कारण प्रत्येक टप्प्यावर वेग आणखी घटतो.

विजेचा मुद्दाही लक्षात घ्यावा लागतो. अनेक घरांत राउटर इन्व्हर्टरवर किंवा छोट्या यूपीएसवर चालतो; पण सर्व सॉकेट इन्व्हर्टरला जोडलेले नसतात. एक्स्टेंडर अशा सॉकेटमध्ये असेल, तर वीज जाताच दिवाणखान्यात इंटरनेट सुरू राहील आणि परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्याच्या खोलीतील मात्र बंद पडेल. भारनियमन असलेल्या भागांत ही बाब आधी तपासणे अगत्याचे आहे.

खोक्यावरील आकडे आणि मान्यता

खोक्यावर ‘एसी १२००’ असे लिहिलेले असल्यास त्याचा अर्थ एका पट्ट्यावरील ३०० आणि दुसऱ्यावरील ८६७ मेगाबिट या सैद्धांतिक वेगांची पूर्णांकित बेरीज असा होतो. प्रत्यक्षात एका मोबाइलला इतका वेग कधीच मिळत नाही आणि घेतलेल्या योजनेपेक्षा अधिक वेग कोणतेही उपकरण देऊ शकत नाही. केबल जोडण्याची खाच असल्यास तिचा वेगही पाहावा. अनेक स्वस्त उपकरणांत तो १०० मेगाबिटपुरताच मर्यादित असतो.

भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला, तर ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील मुक्त वापराची व्याप्ती २०१८ मध्ये वाढवण्यात आली. त्यामुळे घरी वाय-फाय वापरण्यासाठी नागरिकांना परवाना लागत नाही; उपकरणाला मात्र दूरसंचार विभागाची मान्यता असावी लागते. नाव-पत्ता नसलेली आणि ‘दहापट वेग’ अशी हमी देणारी उपकरणे टाळणेच योग्य.

एक्स्टेंडर केव्हा घेऊ नये?

एक-दोन खोल्यांचा प्रश्न असेल, तर एक्स्टेंडर पुरेसा आहे. तीन-चार खोल्या किंवा संपूर्ण मजला रेंजबाहेर असेल, तर एकमेकांशी समन्वय राखणारी दोन-तीन उपकरणांची ‘मेश’ प्रणाली अधिक उपयुक्त ठरते. घरात फिरताना मोबाइल एका उपकरणाकडून दुसऱ्याकडे सहज जातो. साध्या एक्स्टेंडरच्या बाबतीत तो अनेकदा दूरच्या राउटरलाच चिकटून राहतो. मेशचा खर्च मात्र अधिक असतो.

सर्वांत खात्रीचा उपाय अजूनही केबलचाच आहे. ‘कॅट ६’ प्रकारची केबल १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट वेग वाहून नेऊ शकते. राउटरपासून आतल्या खोलीपर्यंत ती ओढून तेथे एक्स्टेंडर ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ म्हणून चालवल्यास वेग निम्मा होण्याचा प्रश्नच उरत नाही. घराचे नूतनीकरण किंवा रंगकाम निघाले असेल, तर भिंतीतून अशी केबल टाकून घेणे दूरदृष्टीचे ठरेल.

एक्स्टेंडर हे घराच्या जाळ्याचे दुसरे दार असते. म्हणून त्याचा मूळ पासवर्ड तत्काळ बदलावा, डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ सुरक्षा निवडावी आणि कंपनीकडून येणारी अद्ययावत प्रणाली वेळोवेळी बसवावी. खरेदीची पावती आणि परत करण्याची मुदतही सांभाळावी. महत्त्वाच्या परीक्षेच्या किंवा मुलाखतीच्या आदल्या दिवशी नव्हे, तर किमान आठवडाभर आधी हे सर्व करून पाहिले, तर उपकरण उपयोगी नसल्यास ते बदलण्यास वेळ हाताशी राहतो.