राज्य बदललं, माणसांचं काय?

बालमित्रांनो, इतिहासाच्या पुस्तकात तुम्ही 'अमेरिकन राज्यक्रांती' हे नाव वाचलं असेल. काही पुस्तकांत त्याच घटनेला 'अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध' म्हणतात. मग ते नुसतं युद्ध होतं की क्रांती? दोन्ही एकच, असं म्हणून पान उलटू नका हं!

'क्रांती' हा शब्द 'क्रम्' या संस्कृत धातूपासून आला. क्रम् म्हणजे पाऊल टाकणं, ओलांडणं. आपली संक्रांत याच घरातली. सूर्य एक रास ओलांडून दुसरीत जातो, ती संक्रांत. तसंच, माणसं जुनी व्यवस्था ओलांडून नव्या व्यवस्थेत गेली, तर ती क्रांती. नुसता मालक बदलला तर नव्हे.

आता ही मोजपट्टी घेऊन अमेरिकेला जाऊ या.

तिथे इंग्लंडच्या तेरा वसाहती होत्या. त्यांच्यावर कर बसवायचे ते इंग्लंडच्या पार्लमेंटने, आणि त्या पार्लमेंटमध्ये वसाहतींचा प्रतिनिधी एकही नाही! लोक चिडले. १७७३ साली बोस्टन बंदरात त्यांनी चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात फेकल्या. चहा कुणाचा, ठाऊक आहे? ईस्ट इंडिया कंपनीचा. हो, तीच ती! पुढे लढाई जुंपली. ४ जुलै १७७६ रोजी वसाहतींनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला आणि १७८३ साली इंग्लंडला तो मान्य करावा लागला.

एक राजा गेला, पण त्यांनी दुसरा बसवला नाही. लेखी राज्यघटना केली, अध्यक्ष निवडला, सरदारक्यांच्या पदव्या बंद केल्या. जगात जिकडेतिकडे राजेच होते, त्या काळात हे पाऊल केवढं मोठं!

पण थांबा. सगळी माणसं समान आहेत, असं त्या जाहीरनाम्यात लिहिलं होतं. तो लिहिणारे टॉमस जेफरसन स्वतः शेकडो गुलामांचे मालक होते. १७९० च्या पहिल्या जनगणनेत सुमारे ३९ लाख लोक मोजले गेले. त्यांतले जवळजवळ ७ लाख गुलाम होते. युद्धाच्या वेळी तर हजारो गुलाम पळून इंग्रजांच्या छावणीत गेले, कारण सुटकेचं वचन इंग्रजांनी दिलं होतं. ज्याच्या पायात बेडी, त्याला कुठला झेंडा आपला वाटणार?

याच सुमारास जवळच्याच कॅरिबियन समुद्रात, हैतीमध्ये वेगळंच घडलं. तिथल्या फ्रेंच वसाहतीत १७९१ साली गुलामांनीच उठाव केला. गुलामगिरी मोडली आणि १८०४ साली स्वतंत्र देश उभा केला. राज्यही बदललं आणि माणसांचं जगणंही. ही मात्र पुरी क्रांती! गंमत पाहा, स्वातंत्र्यासाठी लढलेल्या अमेरिकेने या देशाला मान्यता दिली ती थेट १८६२ साली.

अमेरिकेत गुलामगिरी संपली १८६५ मध्ये, तीही मोठ्या यादवी युद्धानंतर. देशभरातल्या स्त्रियांना मताचा हक्क मिळायला १९२० साल उजाडलं. आपल्या महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिलं आणि ते अमेरिकेतल्या सज्जन लोकांना अर्पण केलं. त्यांनी इंग्रजांना हाकललं म्हणून नव्हे, तर गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली म्हणून!

मला वाटतं, 'राज्यक्रांती' हा आपला मराठी शब्द मोठा प्रामाणिक आहे. १७८३ पर्यंत अमेरिकेत क्रांती झाली ती राज्यात. समाजातली क्रांती पुढे हप्त्याहप्त्याने आली.

आता तुमची पाळी. १५ ऑगस्ट १९४७ रोजी आपल्याकडचं इंग्रजी राज्य गेलं. २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटनेने अस्पृश्यता बंद केली, प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाला मत दिलं. कागदावरचा हा बदल तुमच्या गावात, पाणवठ्यावर, घरात कुठवर पोहोचला? हीच मोजपट्टी लावा आणि आज रात्री जेवताना आईबाबांशी खुशाल वाद घाला!