संगणकांचा सामाईक दप्तरखाना

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरांत अवघ्या कांहीं तासांत शंभर मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीला पूर आला आणि लोक झोपेंत असतांनाच कित्येक वस्त्यांतील घरांत पाणी शिरलें. हीच नदी पुढें शहराच्या पूर्वेस नंदनवनच्या बाजूनें वाहत जाते. त्यामुळें पावसाची वर्दी आधीं किती वेळ मिळूं शकते, हा प्रश्न तेथील गृहस्थाला नुसत्या कुतूहलाचा नव्हे, तर घरादाराचा वाटला तर नवल नाहीं.

या प्रश्नाचें उत्तर केवळ ढगांच्या शास्त्रांत सांपडत नाहीं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेंतील ‘अर्का’ हा महासंगणक सप्टेंबर २०२४ मध्यें राष्ट्राला अर्पण करण्यांत आला, आणि मे २०२५ मध्यें त्याच संस्थेनें विकसित केलेली नवी अंदाजपद्धति सुरू झाली. पूर्वी वातावरणाचे चौकोन १२ किलोमीटरांचे धरीत. नव्या पद्धतींत ते ६ किलोमीटरांचे धरले आहेत. बाजू निम्मी झाली कीं चौकोन चौपट होतात, आणि आंकड्यांचा पसाराही त्या मानानें वाढतो. अर्काचें भांडार ३३ पेटाबाइटांचें, म्हणजे ३ कोटि ३० लाख गिगाबाइटांचें आहे. महासंगणक म्हणजे एकच अवाढव्य यंत्र नव्हे. पुष्कळ संगणक तेथें जोडीनें हिशेब करीत असतात. त्या सर्वांना आंकडे सामाईक भांडारांतून मिळावे लागतात व उत्तरेंही तेथेंच ठेवावीं लागतात. ही देवघेव मंदावली तर हिशेब करणारीं यंत्रें हात बांधून बसतात आणि वर्दीस उशीर होतो.

दुसऱ्या संगणकांतील फाईल जणूं आपल्याच संगणकांत आहे अशा रीतीनें वापरतां यावी, याकरितां अमेरिकेंतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनें १९८४ सालीं ‘नेटवर्क फाईल सिस्टीम’ तयार केली. तिची घडण समजण्यास एखाद्या कचेरीचा दप्तरखाना डोळ्यांपुढें आणावा. कारकून आपापल्या खोल्यांत बसलेले, कागद सारे दप्तरखान्यांत, आणि मध्यें ये-जा करणारे शिपाई. कारकून म्हणजे हिशेब करणारे संगणक, दप्तरदार म्हणजे सर्व्हर, आणि शिपायांची वाट म्हणजे नेटवर्क.

विलंबाचें पहिलें कारण खेपांत आहे. या पद्धतीच्या दुसऱ्या आवृत्तींत एका खेपेस ८ किलोबाइटांहून अधिक मजकूर नेतां येत नसे. १ गिगाबाइटाची फाईल अशा रीतीनें आणावयाची तर १,३१,०७२ खेपा होतात. एका खेपेस अर्धा मिलिसेकंद धरला आणि एक शिपाई परतल्यावांचून दुसरा निघत नाहीं असें मानलें, तर केवळ जाण्यायेण्यांत ६५ सेकंद जातात. तीच फाईल एकेक मेगाबाइटाच्या गठ्ठ्यांनीं आणली तर १,०२४ खेपा, म्हणजे जेमतेम अर्धा सेकंद पुरतो. १९९५ सालच्या तिसऱ्या आवृत्तीनें ८ किलोबाइटांची अट काढून टाकली. शिवाय अनेक शिपाई एकदम धाडणें, पुढचीं पानें मागण्यापूर्वींच आणून ठेवणें, आणि नित्य लागणाऱ्या कागदाची नक्कल जवळ बाळगणें, हेही उपाय आहेत. मात्र मूळ कागद दुसऱ्यानें बदलला तर जवळची नक्कल शिळी होते, हें विसरून चालत नाहीं.

दुसरें कारण एकच दरवाजा हें होय. दप्तरदार कितीही चपळ असला तरी शेंकडों शिपाई एका दाराशीं आले कीं खोळंबा होणारच. म्हणून फाईलचे तुकडे करून ते अनेक सर्व्हरांवर ठेवावयाचे आणि कोणता तुकडा कोठें आहे याची नोंदवही मात्र निराळ्या सर्व्हरकडे द्यावयाची, अशी योजना निघाली. ‘लस्टर’ ही या जातीची व्यवस्था २००३ सालीं प्रचारांत आली; नेटवर्क फाईल सिस्टीमनेंही २०१० च्या आवृत्तींत हाच मार्ग धरला. पण लाखों बारीकसारीक फाईली असल्या तर गर्दी तुकड्यांकडून उठून नोंदवहीशीं जमते. तेथें नवें यंत्र आणण्यापेक्षां लहान फाईली एकत्र बांधणें अधिक गुणकारी ठरतें.

तिसरें कारण सर्वांत नाजूक आहे. तें म्हणजे पोच. कारकुनानें कागद पाठविला कीं दप्तरदारानें पोच द्यावयाची. दुसऱ्या आवृत्तीचा दंडक असा कीं, मजकूर डिस्कवर पक्का लिहून झाल्याखेरीज पोच द्यावयाची नाहीं. रीत सुरक्षित, पण संथ. यावर कोणी युक्ति काढली: कागद टेबलावर पडतांच ‘कपाटांत ठेवला’ अशी पोच द्यावी. वेग तत्काळ वाढतो. परंतु मधल्या क्षणीं वीज गेली, तर सर्व्हरच्या स्मृतींतील मजकूर नाहींसा होतो, आणि पोच मिळाल्यामुळें पाठविणाऱ्यानें आपली प्रत फाडलेली असते. लांबलेला हिशेब मध्येंच बंद पडला तर पुनः आरंभापासून करावा लागूं नये म्हणून संगणक अधूनमधून आपली स्थिति भांडारांत टिपून ठेवतात. तीच टीप अशा रीतीनें गेली, तर कित्येक तासांचें काम फुकट जातें.

तिसऱ्या आवृत्तीनें यांतून प्रामाणिक तोड काढली. सर्व्हर सांगतो, ‘कागद टेबलावर आहे.’ पाठविणारा आपली प्रत जपून ठेवतो आणि कांहीं वेळानें ‘आतां सारे कपाटांत ठेवा’ असा निरोप धाडतो. प्रत्येक उत्तराबरोबर सर्व्हर एक खूण देतो. सर्व्हर मध्यंतरीं बंद पडून पुनः सुरू झाला असेल तर ती खूण बदलते, आणि पाठविणारा ओळखतो कीं कागद पुनः पाठविले पाहिजेत. वेगही वाढला आणि पोचही खरी राहिली.

तेव्हां यंत्र मंद चालतें म्हणून लागलीच महाग डिस्का घेणें हा उतावळेपणा होय. विलंब खेपांत आहे, दरवाजाशीं आहे, नोंदवहींत आहे कीं पोच देण्यांत आहे, हें आधीं मोजून पहावें आणि त्याप्रमाणें उपाय योजावा. चारांपैकीं तिहींत हवा तितका वेग साधावा. पोचेच्या बाबतींत मात्र सत्याला धरूनच साधेल तेवढा. कारण नदीकांठच्या घरीं पावसाची वर्दी वेळेवर पोहोंचावयाची, तर ज्या हिशेबांतून ती निघते तो मध्येंच हरवून चालत नाहीं.